सीमेवरील बातमीदाराकडून

एकाहत्तरची लढाई लागली तशी बायजाबाईला रेडिओ खोटारडा वाटू लागला अन् गल्लीतली माणसं त्याहून. तिचा विश्वास एकाच पेपरवर, कारण त्याचा बातमीदार खुद्द सीमेवर होता. परवाच त्यानं लिहिलं होतं, ‘खंदकात नागपूरचा एक जवान भेटला. म्हणाला, आईला सांगा, मी मजेत आहे.’ सीमेवर लढायला गेलेल्या लेकाचं पत्र कधीचं थांबलं होतं. ती ओळ शेजारणीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली, तेव्हा कुठं तिच्या घशाखाली घास उतरला.

आज तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन ती नागपूरच्या सदर भागातल्या त्या पेपरच्या कचेरीत आली. “सीमेवरच्या साहेबाले द्या. माह्या लेकापर्यंत पोहोचवतीन.”

चपराश्यानं खिडकीकडं बोट दाखवलं. “तुम्हीच द्या ना. ते काय, लिहून राहिले.”

तिला कोण आनंद झाला. “साहेब, कवा आले जी सीमेवरून?”

साहेबानं मान वर केली. “मी कुठं गेलो, मावशी? सारं इथंच बसून लिहा लागते. लोकायले तेवढाच धीर.”

बायजाबाईनं डबा पोटाशी घट्ट धरला.

“मंग माह्या लेकाले कोणी पाहिलं जी?”