हत्ती ढकलतोय ते माकड

"ज्या माकडाला हत्ती ढकलतोय असं विमलाला वाटतं, ते माकड दाखवा, अण्णा."

त्रिविक्रम अण्णांचा डावा हात हलला. समोर दोन चित्रं होती; विमला नुसती चाचणीच्या वाक्यातली. बोट पुन्हा चुकीच्या चित्रावर टेकलं. तिथं माकडच हत्तीला ढकलत होतं.

आश्लेषाला वाईट वाटलं. पक्षाघात झालेल्यांची समज तपासणं हे तिचं काम. वाक्याच्या तोंडाशी आलेलं माकड शेवटच्या 'दाखवा'पर्यंत मनात धरून ठेवावं लागतं. मेंदूला मार बसला की आधी हीच पकड सुटते. मग माणूस अंदाजानं बोट ठेवतो.

बसवनगुडीतल्या त्या दवाखान्यात दाराबाहेर अण्णांची लेक मनस्विनी बसली होती, शेजारी तिचा नवरा रविकिरण. वडिलांच्या आजारपणाला म्हणून ती माहेरी आली, ती इथंच राहिली होती. मघाशी जावईबापू हसत म्हणाले होते, "अण्णांना सगळं कळतंय एवढं सांगा, की हिला घेऊन थेट बेळ्ळंदूर गाठतो. घर कसं ओस पडलंय!" मनस्विनी नुसती "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली होती.

पुढचं वाक्य. चूक. त्याच्या पुढचं अगदी सोपं, तीन शब्दांचं. तेही चूक.

आश्लेषाची पेन्सिल थांबली. दोनच चित्रं असली की अंदाजानं बोट ठेवणाऱ्याचंही अधूनमधून बरोबर येतं. अण्णांचं एकदाही आलं नव्हतं. दर वेळी चुकायचं तर आधी प्रत्येक वाक्य नीट कळायला हवं.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. लेकीचा संसार अडवून बसलाय म्हातारा!

"अण्णा, सोंग पुरे," ती हळू आवाजात म्हणाली. "उशाशी लेक हवी म्हणून तिला अडकवून ठेवायचं? देव बघतोय वर."

अण्णांनी बंद दाराकडे पाहिलं. ओठ वाकडे झाले. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा वर आला.

"तिकडं... मार खाते. इथं... झोपते तरी, बाळ."

आश्लेषा चित्रं बाजूला सारून उठली आणि तिनं दार उघडलं.

रविकिरण लगबगीनं पुढे झाला. "कळतंय ना त्यांना सगळं?"

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "मनस्विनी, तुम्ही एकट्याच आत या."