स्प्रिंगचा पीळ
सासरे डब्लिनला आमच्याकडे आल्यापासून त्यांचं बंद घड्याळ बॅगेतच होतं. मी घड्याळं दुरुस्त करते, म्हणून रविवारी दुपारी त्यांनी ते माझ्या हाती दिलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. "आतलं काही बदलू नकोस, गिरिजा." सलीलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आठव्या वर्षी जास्त किल्ली देऊन त्याची स्प्रिंग तोडली, असं मी लग्नापासून ऐकत आलेय. त्यानं मार खाल्ला होता. आजही तो घड्याळ बांधत नाही. मी स्प्रिंगची डबी उघडली. स्प्रिंग कुठेही तुटलेली नव्हती, फक्त मधे शंकूसारखी वर येऊन झाकणाला घासत होती. ती पुसून परत डबीत बसवायला पेटीतून योग्य मापाचा वाइंडर, म्हणजे स्प्रिंग गुंडाळायचं अवजार, शोधू लागले. पहिला डबीत शिरेना, दुसरा आत खडखडला, तिसरा नेमका बसला. सासरे म्हणाले, "एवढी अवजारं कशाला? बोटांनीही जाते ती आत." माझा हात थांबला. "जाते, बाबा. पण मग तिला पीळ पडतो आणि ती अशी वर येते. जास्त किल्ली दिल्यानं नाही. कुणी उघडलं होतं हे?" त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "साफ करायला मीच उघडलं. घड्याळ माझ्या वडिलांचं होतं. त्यांना काय सांगणार होतो?" मग हळूच म्हणाले, "सलीलला कळू देऊ नकोस." मी स्प्रिंग तशीच पांढऱ्या फडक्यावर ठेवली आणि सलीलला हाक मारली.