हिरवी चिंधी

झुपकेदार पायांच्या परदेशी कोंबड्या बघून गजराबाईंची नात हरखली होती. गजराबाई मात्र कोंबड्यांच्या प्रदर्शनातल्या शेवटच्या पिंजऱ्यापाशी थबकल्या. आत साधी गावठी कोंबडी होती. इतरांसारखी हिच्याही पायात नंबराची प्लॅस्टिकची रिंग होती, पण रिंगेच्या वर लुगड्याची हिरवी चिंधी बांधलेली होती.

धरणात बुडालेल्या त्यांच्या आळीत कुणाची कोंबडी कुठली, हे पायातल्या चिंधीवरूनच कळायचं. एका जत्रेत त्यांनी आणि शेजारच्या हौसानं एकसारखी हिरवी लुगडी घेतली. पुढं चिंध्याही एकाच रंगाच्या निघाल्या आणि रोज दिवेलागणीला डालग्याखाली कोंबड्या झाकताना दोघींची जुंपू लागली. शेवटी हौसानंच तोड काढली. गजरानं उजव्या पायाला बांधायची, तिनं डाव्या. मग पाणी चढलं, आळी पांगली आणि हौसा कुठल्या वसाहतीत गेली ते कळलंच नाही.

गजराबाईंनी चष्मा सारखा करून वाकून पाहिलं. चिंधी डाव्या पायाला होती.

“आजी, चल की,” नातीनं पदर ओढला.

“जरा दम खा. हिची मालकीण येऊ दे.” त्यांनी गजांतून बोटं घालून चिंधी चाचपली.

पाठीमागून घोगरा आवाज आला, “ओ बाई, हात काढा. कोंबडी माझी हाय.”

या आवाजाशी त्या अर्धं आयुष्य भांडल्या होत्या. बोटं न काढताच गजराबाई म्हणाल्या, “ठावं हाय गं. डावा पाय तुझा.”