उरलेली स्प्रिंग

येलदरीच्या विश्रामगृहात गवत कापायचं विलायती टू-स्ट्रोक यंत्र वर्षानुवर्षं गंजत होतं. फिटर आश्रुबानं हौसेनं ते खोललं, घासलं, पुन्हा जोडलं. एक स्प्रिंग उरली. ती गुपचूप खिशात टाकली. चाचणीला साहेब चहा पीत आले. आश्रुबाची बायको झुंबरबाईही विळ्यासकट आली. हिरवळीवरचं गवत तीच कापून म्हशीला न्यायची. दोरीच्या पाचव्या हिसक्याला यंत्र निळा धूर ओकत सुटलं, हिरवळ गुळगुळीत झाली. “शाब्बास! उद्यापासून विळा बंद,” साहेब म्हणाले. आश्रुबा फुलला, बायकोकडं बघून लगेच चपापला. तिनं यंत्रानं कापलेलं गवत हुंगलं. “धुराचा वास मारायलाय. म्हैस तोंड लावनार न्हाई. मंग तुमच्या चहाला दूध कुठनं आनू, साहेब?” साहेबांनी कपात पाहिलं. “यंत्रात बिघाड दिसतोय. परत खोल.” आश्रुबानं खिशातली स्प्रिंग चाचपली. ती नेमकी कुठली, हे त्यालाही बघायचंच होतं.