खाडीवरचा पूल

"खाडीवरचा पूल पूर्ण झाला आहे," बांधकाममंत्री सरनोबत विधानसभेत ठासून म्हणाले.

विरोधी बाकावरच्या आमदार जनाबाई भोईर उठल्या. "मग मी काल होडीतून का आले?" सभागृह खो खो हसलं. अध्यक्षांनी मात्र फर्मावलं, "मंत्रिमहोदय, स्वतः पाहून या, मगच उत्तर द्या."

दुसऱ्या दिवशी सरनोबत जनाबाईंबरोबर होडीत बसले. पाण्यात दोन खांब तेवढे उभे होते आणि त्यांवर बगळे. होडी डुलली तशी सरनोबतांनी दोन्ही हातांनी तिची कड धरली. त्यांना पोहता येत नव्हतं.

"बाई, पुढच्या दिवाळीपर्यंत पूल बांधतो! शब्द देतो!"

जनाबाई हसल्या. "इथं नको, साहेब. इथं फक्त बगळे ऐकतायत. उद्या सभागृहात बोला, तिथं लिहून घेतात."