पागोळ्यांखाली

चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीला जिथे शिडी लावायची, नेमकी तिथेच विनिफ्रेड हॉबडे घडीची खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर चहाचा थर्मास. हलायचं नाव नाही.

पन्हळ बसवायला आलेला क्लाइव्ह शिडी खांद्यावर घेऊन ताटकळला होता.

“मावशी, पलीकडे छान ऊन आहे. तिकडे बसा की.”

“ऊन म्हाताऱ्यांना लागतं,” विनिफ्रेड म्हणाली. ऐंशी तिने कधीच ओलांडली होती.

क्लाइव्ह जाऊन पाद्रीबाईंना घेऊन आला. जोआना नुकताच एक बाप्तिस्मा आटोपून बाहेर पडली होती. पाहुणे फाटकापाशी फोटो काढत होते आणि हिच्या हातात पाण्याचा जग होता. बाप्तिस्म्याचं पाणी मोरीत टाकत नाहीत, आवारातल्या मातीत ओततात. जोआना ते दारापाशी गुलाबांना घालायची.

“मिसेस हॉबडे, पन्हळीच्या बैठकीला तुम्ही होतात. तेव्हा काही बोलला नाहीत.”

“मला वाटलं, होतंय कशाचं! चर्चच्या कामाला कधी घाई असते का, पोरी?”

ते खरंच होतं. तीन पाद्री आले नि गेले, पन्हळीचं नुसतं बोलणंच चाललं होतं. तोवर छपराचं पाणी भिंतीच्या पायात मुरत राहिलं आणि आतल्या अंगाला ओल चढली. आत सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी संत क्रिस्तोफर रंगवला आहे, खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडणारा. ओलीने त्याचे पाय गेले, कंबर गेली. आणखी एखाद-दोन हिवाळ्यांत खांद्यावरचं बाळही जाणार होतं.

“इथे माझा मुलगा आहे,” विनिफ्रेडने टाचेने जमीन दाखवली.

तो जन्मला तोच मेलेला. बाप्तिस्मा नाही तर थडगं नाही, असं त्या वेळच्या पाद्र्याने सांगितलं. मग गावची थडगी खणणाऱ्या म्हाताऱ्या एमोसने त्याला बुटांच्या खोक्यातून आणलं आणि गुपचूप इथे पुरलं. चर्चच्या छपरावरून आलेलं पाणी चर्चचंच, असं जुनी माणसं मानायची. पागोळ्या लागल्या की बाळाचा बाप्तिस्मा होतो. तेव्हापासून अख्ख्या गावात पावसाला नावं न ठेवणारी विनिफ्रेड एकटीच. फक्त डिसेंबरातल्या पावसात तिला झोप लागायची नाही. पाणी फार गार असायचं.

“पन्हळ लागली की इथे थेंब पडायचा नाही,” ती म्हणाली. “कोरडा राहील तो.”

क्लाइव्हने शिडी हळूच खाली ठेवली आणि तो उगाचच खिशातले स्क्रू चाचपू लागला.

जोआनाने तोंड उघडलं. देवाला पागोळ्यांची गरज नसते, असलं काहीतरी ही आता सांगणार, हे विनिफ्रेडने ओळखलं आणि तिचं डोकं तापलं. पण जोआना तसलं काही बोलली नाही.

“पन्हळ तर लावावीच लागेल,” ती म्हणाली. मग तिने जग पुढे केला. “हे आत्ताचं आहे. यापुढे दर वेळी तुमच्याचकडे देईन.”

विनिफ्रेडने आत बोट बुडवलं आणि चटकन काढून घेतलं.

“हे गरम कसं?”

“किटलीतलं थोडं घालते. गार पाण्याने पोरं भोकाड पसरतात.”

विनिफ्रेडने मांडीवरचा थर्मास खाली ठेवला. मग उठली. खुर्ची मिटून तिने क्लाइव्हच्या हातात दिली, त्याच्याच दंडाला धरून गुडघे टेकले. डोकं कोणत्या बाजूला आहे ते एमोसने तिला सांगून ठेवलं होतं. तिकडून तिने पाणी ओतलं, अगदी बारीक धारेने.

“रडायचं नाही हं,” ती जमिनीला म्हणाली. “कोमट आहे.”