सातची चटणी

संध्याकाळी सात वाजले की शेजारच्या घरात मिक्सर सुरू व्हायचा आणि निंबाळकरकाकूंच्या तोंडाला पाणी सुटायचं. रोज चटणी वाटणाऱ्या या बाईनं दोन वर्षांत चमचाभर चटणी कधी पाठवली नाही, हे काकूंचं साऱ्या बिल्डिंगला ऐकवून झालं होतं.

आज त्या घरातली पाच वर्षांची रेवा भातुकली घेऊन त्यांच्याकडे खेळायला आली. "मी आई. काकू, तुम्ही बाबा व्हा."

काकूंना नाटकाची हौस दांडगी. त्यांनी काजळानं झुपकेदार मिशी काढली, दाराबाहेर जाऊन बेल वाजवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आलो गं."

रेवानं हातातलं इवलंसं लाटणं टाकलं, एका डब्याचं झाकण दोन्ही हातांनी गच्च दाबलं आणि तोंडानं सुरू केलं, "घर्रर्र..."

"काय वाटतेस गं?" काकूंनी मिशीला पीळ दिल्यासारखं केलं.

"काही नाही. रिकामाच आहे."

"मग लावलास कशाला?"

"तुम्ही आता मला मारणार ना," रेवानं शहाण्यासारखं समजावलं, "ते शेजारच्या काकूंना ऐकू जायला नको."

रेवा घरी गेली. सात वाजले. मिक्सर लागला.

काकू वाटी घेऊन शेजारी गेल्या आणि दार उघडेपर्यंत त्यांनी बेलवरचं बोट काढलं नाही. ओठांवर काजळाची मिशी तशीच होती.

"चटणी न्यायला आलेय," रेवाच्या बाबाला बाजूला सारून आत शिरत त्या म्हणाल्या. "आता रोज याच वेळेला येणार."